दुसरी रेघ

‘ठेवून जा, शनिवारी घेऊन जा,’ ती म्हणाली, आणि आपण हे म्हणालो हे तिचं तिलाच जरा उशिरा कळलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणायचं होतं ते वेगळंच होतं, आणि गेल्या आठ महिन्यांत ते इतकं पाठ झालं होतं की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी घडाघडा म्हणून दाखवलं असतं : मास्तरांना बरं नाही, काम बंद आहे, चौकात दुसरा मेकॅनिक आहे, तिकडे बघा. पण समोर दाताचा डॉक्टर उभा होता, हेल्मेट काखेत धरून, आणि त्याच्या वडलांच्या वेळची ती म्हातारी मोटरसायकल चालू होती, आणि तिच्या इंजिनाच्या डाव्या अंगातून पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येत होता. तो आवाज तिच्या कानात शिरला आणि डोक्याला न विचारताच आतून कोणीतरी म्हणालं, टायमिंग चेन. लांबलीय. इंजिनाच्या तळातल्या फिरत्या दांड्याला आणि डोक्यावरच्या व्हॉल्व्हना एका तालात बांधून ठेवणारी ती करंगळीएवढी साखळी, लांबली की आधी नुसती बडबडते आणि एक दिवस दात सोडून उडी मारते. मग इंजिन संपलंच. डॉक्टरने विचारलं, मास्तर बघतील ना? ती म्हणाली, बघतील. यात खोटं काही नव्हतं. बघणार मास्तरच होते. करणार कोण, ते त्याने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

तो गेल्यावर ती गाडीकडे बघत उभी राहिली. शटर अर्धं वर, अर्धं खाली. आठ महिने ते असंच होतं, धड उघडं नाही धड बंद नाही, मास्तरांना रस्ता दिसावा एवढ्यापुरतं वर. गॅरेजच्या मागेच त्यांच्या दोन खोल्या, आणि मधल्या दारात नवऱ्याची, मास्तरांची खुर्ची. तिथून त्यांना रस्ताही दिसे आणि चुलीवरचं पातेलंही. मेंदूत रक्ताची गाठ अडकली तेव्हापासून त्यांचा उजवा हात मांडीवर पडून असायचा, दुसऱ्या कोणाचा सांभाळायला घेतल्यासारखा. हाताचं एक वेळ चाललं असतं. पण शब्दांचं काय झालं होतं ते कोणाला धड समजावूनही सांगता येत नव्हतं. शब्द येत होते, पण शेजारच्या घरातून येत होते. साखर हवी असली की मीठ म्हणत. काल म्हणायचं असलं की उद्या म्हणत. पहिल्या महिन्यात तिने भाबडेपणाने चहात खरोखर मीठ घातलं होतं आणि त्यांनी कप भिंतीवर भिरकावला होता. मग ती शिकली. हो म्हणाले की नको समजायचं, बंद म्हणाले की चालू करायचं, जा म्हणाले की जवळ बसायचं. आता तिला विचारही करावा लागत नसे. त्यांचा शब्द कानावर पडता पडताच ती तो उलटा करून घेई, उलटा काढलेला सदरा दोरीवर टाकताना सुलटा करावा तसा. दवाखान्यातले डॉक्टर, परिचारिका, मुलगा, सगळे म्हणत, तुम्हालाच बाई त्यांचं कळतं. तिला याचा थोडा अभिमानही वाटे. चोवीस वर्षं तेच सगळं ठरवत आले. आता ते काय म्हणतात हे तरी ती ठरवत होती.

मुलाचा फोन आला तेव्हा तिने गाडी ठेवून घेतल्याचं सांगून टाकलं. लपवायला जमलं नाही. तो दुसऱ्या गावी नोकरीला, पोरगा चांगला, महिन्यातून दोनदा येऊन वडलांची दाढी करून जाणारा. त्याच्या ओळखीचा एक जण होता, मोबाईलची कव्हरं विकणारा. त्याला गॅरेजची जागा हवी होती, आणि मुलाचं म्हणणं होतं, आई, आता कुलूप लाव, देऊन टाकू, तुझ्या मागची कटकट जाईल. वाईट काहीच नव्हतं त्यात. पण मग त्याने अगदी सहज, प्रेमानेच विचारलं, ‘आई, पण तुला काय येतं गं त्यातलं?’ आणि तो प्रश्न तिला लागला. राग नाही आला, कारण उत्तर तिलाच माहीत नव्हतं. चोवीस वर्षं ती त्या गॅरेजात रॉकेलने भाग धूत होती, पाने हातात देत होती, मास्तरांचा तळवा कसा पसरला आहे यावरून कितीचा पाना हवा ते ओळखत होती. पण येतं म्हणजे काय? ताट वाढणाऱ्याला स्वयंपाक येतो असं कोणी म्हणतं का? ती म्हणाली, शनिवारी सांगते. गाडी चालली तर शटर पूर्ण उघडीन. नाही चालली तर तुझ्या माणसाला ये म्हणावं, मी स्वतः किल्ली देईन. फोन ठेवल्यावर तिला वाटलं, बाई गं, हे काय करून बसलीस! पण वाटणं आणि हात धुऊन कामाला लागणं यांच्यात तिने अंतर पडू दिलं नाही.

गुरुवारचा सगळा दिवस खोलण्यात गेला. तेल सोडलं, डावीकडचं झाकण काढलं, पुलर लावून मॅग्नेट ओढून काढलं. दांड्याच्या टोकावरचं ते जड गोल चाक दोन्ही हातांनी धरून खाली ठेवलं. जुनी चेन वर तारेने बांधून ठेवली, आत पडू नये म्हणून. हे सगळं हातांना येत होतं. हात पुढे जात आणि ती त्यांच्या मागून जाई, दुसऱ्याच्या घरात अंधारातही बरोबर दिवा सापडावा तशी. नवी चेन कपाटाच्या तिसऱ्या खणात, मेणकापडात गुंडाळलेली, ती कुठे आहे हे तर मास्तरांनासुद्धा तिलाच विचारावं लागे. खुर्चीतून मास्तर बघत होते. एकदा त्यांनी डावा हात पुढे करून जुनी चेन मागितली, बोटांवर आडवी धरली, आणि ती कमानीसारखी वाकली तसं तोंड वाकडं करून खाली टाकली. म्हणजे चेनच होती. आजार बरोबर ओळखला होता. एवढ्यानेच तिला इतका आनंद झाला की ती उगीचच न्हाणीत जाऊन तोंड धुऊन आली. रॉकेलचा वास नाकात भरला होता आणि त्या वासात तिचं लग्नाचं पहिलं वर्ष होतं. तेव्हा मास्तरांच्या हातांना हाच वास यायचा आणि तिला तो आवडतो हे तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. त्याच वर्षी त्यांनी पहिल्यांदा तिच्या हातात टॉर्च दिला होता. मॅग्नेटच्या कडेवर एक रेघ असते, समोर केसिंगवर एक खाच असते. मी चाक फिरवतो, रेघ खाचेसमोर आली की सांग. ठिणगी कधी पडावी ते त्या रेघेवर ठरायचं. मग ती टॉर्च धरून उकिडवी बसायची आणि म्हणायची, आली. मग पुढल्या गाडीला, आली. त्यानंतर चोवीस वर्षं, किती शे गाड्या कोण जाणे, आली, आली, आली. रेघ बघावी तर वहिनींनीच, असं गिऱ्हाइकंही म्हणायची. एकदा, एकदाच, तिने विचारलं होतं की ही रेघ आणखी कशाला लागते, आणि चेन बसवताना तुम्ही मला का बोलवत नाही? मास्तर ठिणगीचे पॉइंट घासत होते. मान वर न करता म्हणाले होते, ‘ते तुला काय करायचंय? रेघ आली की सांग, बस.’ वाईट नव्हते. कामात होते. पण ते वाक्य तिच्या आत कुठेतरी पडून राहिलं आणि आज इतक्या वर्षांनी चेन तेलात बुडवताना ते वर आलं. तिला वाटलं, घ्या, आता सगळंच मला करायचंय.

शुक्रवारी नवी चेन आत सोडली, खालच्या दातांवर चढवली, मॅग्नेट परत बसवलं. आता खरी गोष्ट. खालचं चाक खुणेवर आणायचं, वरच्या दातेरी चाकावरचा ठिपका हेडवरच्या खुणेसमोर धरायचा, आणि तसंच धरून चेन चढवायची. एक दात इकडचा तिकडे झाला की खालचं इंजिन एक म्हणणार आणि वरचं दुसरंच. तिने नटावर पाना घालून चाक हळूहळू फिरवलं. टॉर्च दातांत धरला होता. रेघ आली. किती ओळखीची होती ती! बाजारच्या गर्दीत माहेरचं माणूस दिसावं तसं झालं तिला. ती थांबली, आणि खुर्चीतून आवाज आला, ‘पुढे.’ तिने मान वळवली. मास्तर पुढे वाकले होते, डावं बोट चाकाकडे रोखलेलं. ‘रेघ… पुढे. पुढे.’ म्हणजे मागे. तिने विचारही केला नाही, हाताने पाना मागे घेतला, चाक उलटं सरकलं, रेघ खाचेपासून दूर गेली आणि पुढ्यात नुसती काळी गुळगुळीत कड आली. तिथे काहीच नव्हतं. ती आणखी मागे गेली, काहीच नाही. ‘पुढे!’ ते ओरडले आणि खुर्चीच्या दांडीवर त्यांनी मूठ आपटली. ती म्हणाली, अहो, मागे काही नाही, बघितलं मी. त्यांच्या कपाळावरची शीर फुगली होती, ओठाच्या लुळ्या कोपऱ्यातून लाळ गळत होती, आणि तिला एकदम दोन गोष्टी वाटल्या, दोन्ही खऱ्या : या माणसाला पोटाशी धरावं, आणि आता पुरे झालं यांचं ऐकणं. रेघ कोणी बघायची? रेघ तर तीच बघत आली होती. एवढी एक गोष्ट या गॅरेजात तिची होती. तिने चाक परत आपल्या रेघेवर आणलं आणि वर चेन चढवली. ठिपका खुणेसमोर नेमका येत नव्हता. एक दात अलीकडे घेतला तर अर्धा दात मागे राही, पलीकडे घेतला तर अर्धा दात पुढे जाई. ती मास्तरांच्याच सुरात स्वतःला म्हणाली, नवी चेन आहे, ताठ आहे, बसेल हळूहळू. मास्तरांनी तोंड रस्त्याकडे फिरवलं होतं आणि झाकणाचा शेवटचा स्क्रू आवळेपर्यंत त्यांनी ते परत वळवलं नाही.

किक मारून मारून तिची पोटरी भरून आली. इंजिनाने तीनदा ठसका दिला, चौथ्यांदा कार्बोरेटरमधून फटकन आग ओकल्यासारखा आवाज आला, मग कसंबसं चालू झालं, लंगडत, धापा टाकत, आणि ॲक्सिलरेटर दिला की आचके देऊन बंद. पुन्हा किक. पुन्हा बंद. समोरच्या इस्त्रीवाल्याने इस्त्री थांबवून बघितलं आणि बघितलं नाही असं दाखवलं. ती गाडी स्टँडला लावून आत आली आणि चहाला आधण ठेवलं, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. हात दाखवून अवलक्षण. मुलगा काय चुकीचं म्हणाला होता? मोबाईलची कव्हरं रंगीत असतात, दुकान छान दिसेल. चौकातल्या मेकॅनिकला बोलवावं, तो अर्ध्या तासात लावून देईल आणि डॉक्टरला कळणारही नाही. हा विचार आला आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. चालेल की नाही हा प्रश्नच नव्हता आता. आपण कुठे चुकलो ते आपल्याला कळतं का, एवढाच प्रश्न उरला होता, आणि त्याचं उत्तर चौकातून आणून भागणार नव्हतं. तिने मास्तरांना कप दिला. त्यांनी एक घोट घेऊन मीठ मागितलं. तिने साखर घातली. सगळं नेहमीसारखं. फक्त ते तिच्याकडे बघत नव्हते. आणि तिला त्यांचा राग आला, असा सणसणीत राग, की आजारी माणसाचा येऊ नये म्हणतात तसला. चोवीस वर्षं टॉर्च धरायला लावलात. एक दिवस, एकच दिवस जर पाना माझ्या हातात देऊन टॉर्च तुम्ही धरला असतात, तर काय बिघडलं असतं तुमचं?

शनिवारी उजाडताच तिने पुन्हा झाकण काढलं. आता घाई नव्हती, म्हणजे डॉक्टर दुपारी येणार होता, पण तिच्या आत घाई नव्हती. तिने ठरवलं होतं की काही माहीत आहे असं धरून चालायचं नाही. आपल्याला रेघ माहीत आहे हेसुद्धा नाही. रॉकेलमध्ये चिंधी भिजवून तिने मॅग्नेटची सगळी कड पुसायला घेतली, पोराचं तोंड पुसावं तशी, थोडं पुसून थोडं फिरवत, पुढच्या बाजूला. आणि तिच्या रेघेपासून बोटभर अंतरावर, काजळीच्या चिकट थराखाली, दुसरी रेघ होती. नखाने खरवडल्यावर शेजारी अक्षरही निघालं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! बोटभर. ती रेघ खाचेसमोर आणली, प्लग काढून त्या भोकातून आत डोकावली, तर पिस्टन अगदी माथ्यावर येऊन थांबलेला. म्हणजे ही चेनची. आणि तिची, ती चोवीस वर्षांची, ती नुसती ठिणगीची. टॉर्चच्या उजेडात दुसरी कधी आलीच नव्हती, कारण पहिली आली की ती ‘आली’ म्हणायची आणि चाक थांबायचं. ती फरशीवर बसकण मारून बसली. हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते, दोन्ही एकदम, त्यामुळे धड काहीच होईना. मग ते तिच्या ध्यानात आलं. पुढे. मास्तर म्हणाले होते, पुढे. रेघ पुढेच होती.

ती उठली. हत्यारांच्या ट्रेमधून एक पाना उचलून पाठीमागे लपवला, हेडच्या बोल्टकडे बोट दाखवलं आणि विचारलं, अहो, याला कितीचा? मास्तरांनी तिच्याकडे बघितलं नाही. पण त्या प्रश्नाला उत्तर न देणं त्यांच्या रक्तात नव्हतं. ‘दहा,’ ते भिंतीला म्हणाले. दहाचाच होता. तिने दुसरा बोल्ट दाखवला, बारा म्हणाले, बाराचा होता. आवळू की ढिला करू? ‘ढिला.’ ढिलाच करायचा होता. घरातलं सगळं जग त्यांच्या जिभेवर उलटंपालटं झालं होतं आणि इंजिन तेवढं जसंच्या तसं, सुलट, जागच्या जागी राहिलं होतं. आणि ती, सगळ्यांत जास्त समजणारी, तेवढंच उलटं करून घेत बसली होती. ती त्यांच्या खुर्चीसमोर गेली, उकिडवी बसली, काळे हात गुडघ्यांवर. काय बोलावं ते तिने आधी जुळवलं नव्हतं.

‘तुम्ही बरोबर सांगत होतात. मी उलटं ऐकलं.’ ती थांबली. ‘पण दुसरी रेघ असते हे तुम्ही मला कधी दाखवलंच नाही. तेव्हा तोंड होतं तुमचं चांगलं.’

मास्तरांचा चेहरा हलला. डावा हात उचलून त्यांनी तिच्या गालावरचा तेलाचा डाग अंगठ्याने पुसायचा प्रयत्न केला आणि तो आणखीच पसरवला. बोलले काही नाहीत. तिला बरंच वाटलं, कारण जे काही बोलले असते ते सुलटं धरायचं की उलटं, हे त्या क्षणी तिला ठरवता आलं नसतं. मग ती कामाला लागली. रेघ खाचेसमोर, ठिपका खुणेसमोर. नवी चेन दातांवर अशी चपखल बसली की अर्ध्या दाताचासुद्धा वाद राहिला नाही. हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून बघितलं, कुठे अडत नव्हतं, दोन्ही खुणा परत आपापल्या जागी. या वेळी ती मोठ्याने ‘आली’ म्हणाली नाही. कोणाला सांगायचं होतं? झाकण लावलं, तेल भरलं, दुसऱ्याच किकला इंजिन उठलं. आतल्या डब्यातले खिळे गेले होते. तिने ॲक्सिलरेटर वाढवला, सोडला, पुन्हा वाढवला. मग जाऊन शटरला दोन्ही हात लावले आणि ते वरपर्यंत ढकललं. आठ महिन्यांचा गंज करकरला. इस्त्रीवाल्याने पुन्हा इस्त्री थांबवली आणि या वेळी उघड उघड बघितलं. आत मोबाईल वाजत होता, मुलगाच असणार. तिने तो वाजू दिला.

दाताचा डॉक्टर दुपारी आला, गाडीवर एक चक्कर मारून आला, आणि हेल्मेट काढायच्या आतच बोलायला लागला. काय आवाज, काय ओढ, वडील होते तेव्हासुद्धा अशी चालत नव्हती. बोलत होता तो मास्तरांशी. खुर्चीपुढे जाऊन त्यांचा डावा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाला, ‘मास्तर, हात अजून तोच हं तुमचा. तुम्हीच बसवलीत ना चेन?’

‘हो,’ मास्तर म्हणाले.

ती फडक्याला हात पुसत उभी होती. हा ‘हो’ कुठला? घरातला असला तर तो नाही होता, आणि इंजिनातला असला तर हो. तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे काही लिहिलेलं नव्हतं. आठ महिने त्यांच्या वतीने तीच अर्थ लावत आली होती, आत्ताही लावता आला असता, हवा तो. डॉक्टर समाधानाने मान डोलावत होता. आणि गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं, गाडी तर चालत होती, गिऱ्हाईक तर खूश होतं.

‘त्यांचा हो राहू दे,’ ती म्हणाली. ‘चेन मी बसवलीय. काल चुकली होती, आज पुन्हा खोलून लावली. काही आवाज आला तर मला येऊन सांगायचं.’

डॉक्टरने एकदा तिच्याकडे, एकदा मास्तरांकडे पाहिलं, कोणाचं खरं धरावं ते न कळून. आणि तेवढ्यात मास्तर हसले. ओठाचा एकच कोपरा वर गेला, पण आवाज छातीतून आला, खरखरत, आठ महिन्यांत पहिल्यांदा, आणि हसता हसता ते तिच्याकडे बोट दाखवत राहिले. डॉक्टर उगाचच त्यांच्याबरोबर हसला. मग त्याने हेल्मेट चढवलं, गाडीवर बसला, आणि किकवर पाय ठेवून थांबला. तेल कधी बदलायचं, त्याने विचारलं, परत कधी घेऊन येऊ? आणि विचारताना त्याने खुर्चीकडे पाहिलं नाही.